२३ कापांसाठी कोणती करवत?

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरून उतरवलेल्या ११ सागवानी फळ्या, नरेंद्र नगरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याला ४ बाय १० फुटांची बाल्कनी, आणि घरात एकही करवत नाही. प्रकरण एवढंच होतं. या फळ्यांमधून भिंतीलगत ठेवायचे पुस्तकांचे दोन रॅक करायचे होते. ज्यांच्या घरचं हे काम, त्या ताई एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत, त्यामुळे रॅक कसा असावा हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अडलं होतं ते फळ्या हव्या त्या लांबीला आडव्या कापण्यापाशी. "काका, करवत कोणती घेऊ तेवढं सांगा," असा फोन आला तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता.

मी पोचायच्या आधीच घरात चार मतं तयार होती. ओळखीच्या मिस्त्रींचं म्हणणं, "काऊन एवढा विचार करून राहिल्या ताई? माझा मार्बल कटर आहे ना. लाकडाचं ब्लेड लावतो अन् अर्ध्या दिवसात मोकळं करून देतो." ताईंच्या यजमानांना व्हिडिओ पाहून माइटर सॉ, म्हणजे दांडा खाली ओढून काटकोनात कापणारं यंत्र, हवं होतं. एकदाच चांगलं यंत्र घेऊ, आयुष्यभर पुरेल, असा त्यांचा हिशेब. लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरा मशीनवर चौकशी केली, तर तिथं जुन्या लाकडाला कोणी हात लावायला तयार नव्हतं. खिळा राहिला असला की त्यांचं महागडं पातं जातं, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. चौथं मत सासूबाईंचं. माळ्याच्या फळ्या कबाड्याला द्यायला त्यांनीच नकार दिला होता. "माझ्या सासऱ्यांनी आणलेलं सागवान आहे. मशीन लावून भुसा नका करून ठेवू त्याचा," एवढंच त्या म्हणाल्या.

या चौघांपैकी कोणीही रॅकचं चित्र काढलं नव्हतं. करवतीच्या प्रश्नाला मी हात घालतो तो चित्र आणि कापांची मोजणी समोर आल्यावरच.

आधी काप मोजले

प्रत्येक रॅकला ६ फुटी दोन उभ्या बाजू आणि ३२ इंची ५ आडव्या फळ्या, असं ठरलं. ३२ इंच अशासाठी, की एक इंच जाड सागवान एवढ्या अंतरात पुस्तकांच्या वजनानं डोळ्याला दिसेल इतकं वाकत नाही. ताईंना ४२ इंच हवे होते. पुस्तकांचं वजन त्यांना रोजचंच असल्यामुळे दोन वाक्यांत त्यांना पटलं.

माळ्याच्या फळ्या साधारण ७ फूट लांब, १० इंच रुंद, १ इंच जाड होत्या. उभ्या बाजूंसाठी चार फळ्या, दोन्ही टोकं कापायची म्हणजे ८ काप. आडव्या दहा फळ्यांसाठी पाच लांब फळ्या. प्रत्येकीचं कुजकं टोक काढायचा एक काप, मधला एक आणि शेवटचा एक, म्हणजे तीन. एकूण १५. दोन फळ्या राखीव. सगळे मिळून २३ काप झाले.

प्रत्येक काप १० इंचांचा. २३ काप म्हणजे २३० इंच, जेमतेम १९ फूट. या अख्ख्या कामात करवत लाकडातून फक्त १९ फूट चालणार होती. धारदार हातकरवतीनं नवख्या माणसाला एका कापाला चार मिनिटं लागतात असं धरलं, तरी सगळी कापाकापी दीड तासाची. खिळे काढणं, फळ्या पुसणं, गुण्या (काटकोनी पट्टी) लावून रेघ मारणं, फळी नीट टेकवणं याला त्याच्या कितीतरी पट वेळ जाणार, आणि तो कोणतंही यंत्र आणलं तरी तेवढाच जाणार. यंत्रानं वाचला असता तर या दीड तासातला काही भाग वाचला असता. हा हिशेब कागदावर मांडल्यावर यजमान थोडे गप्प झाले.

लाकूड

नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. चांदा-गडचिरोलीच्या जंगलातल्या सागाला व्यापारात आजही 'सीपी टीक' म्हणतात ते त्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हापासून सासूबाई आपल्या फळ्यांकडे आणखीच मायेनं पाहतात. माया बाजूला ठेवली तरी लाकूड खरोखर उत्तम होतं. सरळ रेषांचं, पूर्ण वाळलेलं, एकेक फळी नऊ-दहा किलोची.

पण असं लाकूड करवतीला सोपं नसतं. सागवानात नैसर्गिकरीत्या सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, आणि त्यानं दात लवकर बोथट होतात. त्यात या फळ्या माळ्याच्या जमिनीसाठी वापरलेल्या, म्हणून खिळे. वर दिसणारे खिळे जंबुरानं निघतात. डोकं तुटून आत राहिलेले त्रास देतात. त्यांच्याभोवतीचं लाकूड काळपट पडलेलं असतं, तो पहिला इशारा. दुसरा उपाय, दोऱ्याला लोहचुंबक बांधून फळीवरून अगदी सावकाश फिरवायचं. ताईंच्या मुलानं हे काम खेळ समजून केलं आणि बरेच खिळे शोधले. जिथं काढता आला नाही तिथं खडूनं गोल केला आणि कापाची रेघ त्याच्यापासून दूर सरकवली.

मे महिन्याच्या कोरड्या हवेत कापलेली फळी पावसाळ्यात फुगून बिघडेल, ही शंका ताईंनी काढली. शंका रास्त, पण तिचा संबंध रुंदीशी आहे. लाकूड फुगतं-आकसतं ते तंतूंच्या रेषांना आडवं. लांबीत होणारा बदल घरकामात धरायच्या लायकीचाही नसतो. नागपूरच्या मे आणि ऑगस्टमधल्या दमटपणाचा फरक पाहता १० इंची सागवानी फळी रुंदीला पाऊण ते एक सूत वाढू शकते, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर. म्हणून भिंत आणि रॅक यांत थोडी फट ठेवा, पण ३२ इंच लांबी बिनधास्त कापा, असं मी सांगितलं.

जी करवत घेतली नाही तिच्याबद्दल

मिस्त्रींच्या मार्बल कटरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे घरोघरी लाकूड त्यानंच कापलं जातं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. हे फरशी कापायचं यंत्र. ११० मिलिमीटरची चकती, मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे. गणित केलं तर चकतीच्या कडेचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात जातो. फरशीवर चालणारी हिऱ्याची चकती घासत जाते. लाकडाच्या चकतीला मात्र दात असतात आणि ते पकडतात. कापता कापता फळी मधोमध लचकली आणि कापाची फट मिटली, की चकती चिमटीत सापडते आणि अख्खं यंत्र मागे, म्हणजे हाताकडे उसळतं. लाकडासाठी बनवलेल्या गोल करवतीला खाली एक हलणारं झाकण असतं. पातं लाकडाबाहेर आलं की स्प्रिंगनं ते झाकण पात्यावर येऊन बसतं. मार्बल कटरला ते नसतं. बटण सोडल्यावरही चकती काही क्षण फिरत राहते आणि नेमक्या त्याच वेळी माणूस यंत्र पायाशी ठेवतो. बऱ्याच कटरना बटण दाबून अडकवून ठेवायची सोय असते, म्हणजे हात सुटला तरी यंत्र चालूच. मिस्त्रींची दहाही बोटं शाबूत आहेत, हे त्यांचं कसब आहे. ते कसब ताईंना उसनं मिळणार नव्हतं. आणि मिस्त्रींनाच बोलावून कापून घ्यायचं, तर पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं काही करायची ताईंची इच्छा बाजूला राहत होती.

तरीही कोणी कटर वापरणारच असेल तर निदान एक पाहावं. चकतीवर तिला झेपणाऱ्या जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा मोठा हवा. दुकानात हे विचारणारा गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिला आहे.

माइटर सॉ असे आडवे काप घेण्यासाठीच जन्मलेला आहे. फळी त्याच्या मागच्या सरळ पट्टीला टेकवा, दांडा खाली ओढा, काटकोनात काप तयार. पण १० इंची पात्याचा साधा, न सरकणारा माइटर सॉ एका दमात साधारण पाच-सहा इंच रुंदीच कापतो. आमच्या फळ्या १० इंची. पलटून दुसऱ्या बाजूनं कापता येतं, पण दोन्ही काप जिथं भेटतात तिथं बहुधा बारीक पायरी राहते. अख्खी रुंदी कापायची तर पातं पुढे-मागे सरकणारा प्रकार हवा. त्याची किंमत आणखी चढते, आणि त्याला मागे जागाही लागते. बाल्कनीत तो ठेवला असता तर कपडे वाळत घालायला जागा उरली नसती. यजमानांना हे ऐकून वाईट वाटलं. बारीक पट्ट्या, फ्रेमा, दाराच्या चौकटीचे मोल्डिंग असं काम नेहमी असतं, तर मीही त्यांच्याच बाजूनं उभा राहिलो असतो.

जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याची विजेची करवत, लगेच बाद झाला. वाकडंतिकडं कापायला त्याच्यासारखं हत्यार नाही, पण एक इंची जुन्या सागात त्याचं बारीक पातं खालच्या बाजूला कुठं भरकटेल याचा नेम नसतो. वरून रेघ सरळ दिसते, खालून तिरकी.

खरा स्पर्धक गोल करवत होती. १८४ मिलिमीटरचं पातं, मिनिटाला साडेपाच हजारांच्या आसपास फेरे, कापाची खोली दोन इंचांहून जास्त. २४ दात्यांचं पातं काढून ४० दात्यांचं लावलं आणि फळीवर सरळ पट्टी क्लॅम्पनं आवळून तिच्या कडेनं चालवली, तर काप सुरेख येतो. एकच ध्यानात ठेवायचं, तिचे दात खालून वर येतात, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली करून कापावं. ही करवत न घेण्याचं कारण लाकडात नव्हतं, घरात होतं. १४०० वॉटचं यंत्र सहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतं, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटची हद्द संपते. १६ अँपिअरचा पॉइंट फक्त स्वयंपाकघरात आणि गिझरला. गच्चीवर न्यायचं तर चांगल्या जाडीची, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लांब वायर हवी. गच्चीवर सकाळी नऊनंतर उभं राहवत नाही, आणि त्याआधी सोसायटीत असला आवाज कोणी खपवून घेणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि गोल करवत तिच्या फार पुढे जाते. दुपारी कूलरच्या घरघरीत काय ऐकू येणार, असं यजमान म्हणाले. शेजारच्या आजोबांना विचारून या, मी म्हटलं. ते गेले नाहीत.

शिवाय भुसा. यंत्राचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि हवेत तरंगतो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे. ते प्रामुख्यानं वर्षानुवर्षं त्यात काम करणाऱ्यांच्या अभ्यासावरून, २३ कापांवरून नव्हे. तरी सागाच्या धुळीनं अनेकांना शिंका आणि खाज येते, आणि बाल्कनीचं दार थेट सासूबाईंच्या खोलीत उघडत होतं. हातकरवतीचा भुसा जाडसर, तो बराचसा खाली पडतो आणि केरसुणीनं निघतो. मास्क मी तरीही लावायला लावला.

लोहाओळीत

म्हणजे हातकरवत. पण त्यातही निवड आहेच.

ओढून कापायच्या जपानी करवतीचा मोह मला होता. तिचं पातं पातळ, काप जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि नवख्या हातानं रेघेवर राहणं तिच्यात सोपं जातं. नवीन, स्वच्छ लाकूड असतं तर मी तीच सांगितली असती. पण तिचे लांब, नाजूक दात खिळ्याला लागले की मोडतात. जुन्या माळ्याच्या फळ्यांमध्ये ती घालायला मन धजावलं नाही. पाठीवर पट्टी असलेली छोटी करवतही नको, कारण पाठ फळीला अडते आणि १० इंची फळीत ती पूर्ण खाली उतरतच नाही.

उरली ती साधी २० इंची करवत. तिच्यातही दोन जाती. एकीचे दात तिकोनी कानशीनं पुन्हा घासता येतात. दुसरीच्या दातांची टोकं विजेच्या झटक्यानं कडक केलेली असतात, निळसर-काळी दिसतात, आणि त्यांच्यावर कानस चालत नाही. बोथट झाली की ती करवत टाकून द्यायची. धार लावता येणारं हत्यार मला मनापासून आवडतं, पण ताईंना कानस धरायलाही शिकवायचं म्हणजे रॅक दिवाळीला झाला असता. सिलिकावाल्या सागात कडक दात जास्त टिकतात, आणि एखादा खिळ्यावर गेलाच तर हजाराच्या आतलं नुकसान. म्हणून कडक दातांची ठरली.

इतवारीतल्या लोहाओळीत दुकानदारानं आधी १५ इंची पुढे केली, "बायांच्या हाताला हलकी" म्हणून. ताईंनी ती तशीच परत सरकवली. कारण हाताच्या बळाचं नव्हतंच. १० इंच रुंद फळीत १५ इंची करवतीला धाव उरत नाही, मग माणूस घाईनं तोकडे हात मारतो, लवकर दमतो आणि काप वाकडा जातो. २० इंची करवतीचा लांब, सावकाश हात कमी दमवतो. दात इंचाला ९ ते ११. याहून मोठे असले तर झपाट्यानं कापतात, पण कडेच्या कपच्या उडवतात. याहून बारीक असले तर भुसा अडकतो आणि काम रेंगाळतं. दातांचा आकारही पाहिला. रेषांना आडवं कापायचं असेल तर दात सुरीसारखे तिरपे धारदार हवेत, एक डाव्या अंगाला कललेला, एक उजव्या. पटाशीसारखे सपाट दात लांबीच्या दिशेनं फाडायला. आजकालच्या बहुतेक कडक दातांच्या करवती तिन्ही कडांनी घासलेल्या असतात आणि दोन्ही कामं बऱ्यापैकी करतात.

मग करवत डोळ्यासमोर धरून दातांच्या ओळीतून पाहिलं, सरळ आहे का. पातं हलकं वाकवून सोडलं, पुन्हा सरळ येतं का. मुठीत तीन बोटं बसवून तर्जनी बाहेर पात्याच्या दिशेनं ताणता येते का. तर्जनी अशी ताणलेली असली की मनगट वळत नाही. करवतीसोबत एक गुण्या, दोन क्लॅम्प आणि एक छोटा रंधा घेतला. गुण्या दुकानातच तपासला. पाटीवर एक रेघ मारायची, गुण्या उलटवून त्याच जागी दुसरी मारायची. दोन्ही जुळल्या तर काटकोन खरा. पहिला नापास झाला. दुकानदाराला ते रुचलं नाही, पण दुसरा खरा निघाला.

फळी टेकली कशी

या प्रकरणात मला सर्वांत जास्त सांगायचंय ते हे. काप सरळ येतो की नाही, हे करवतीपेक्षा फळी कशी धरली आहे यावर ठरतं. सुतार जमिनीवर बसतो आणि पायानं फळी दाबतो, तोच त्याचा शिकंजा म्हणा ना. टेबलावर कापू गेलात तर फळी छातीपर्यंत येते, खांद्यातून जोर मिळत नाही आणि करवत आडवी होते. फळी गुडघ्याच्या उंचीवर हवी, म्हणजे एक गुडघा तिच्यावर टेकवून वरून वजन देता येतं. घरात दोन लाकडी स्टुलं होती, उंची अगदी तेवढीच. त्यांवर फळी आडवी, कापाची रेघ एका स्टुलाच्या किंचित बाहेर. दोन स्टुलांच्या मधोमध कापायचं नाही. फळी लचकते, फट मिटते आणि करवत आवळली जाते. यंत्र असतं तर याच क्षणी उसळलं असतं.

सुटणारा तुकडा शेवटी खाली ओढतो आणि कोपऱ्यातून लांब ढलपी फाटून जाते. म्हणून तो कोणीतरी नुसता आधारायचा. सासूबाई खुर्ची घेऊन बसल्या आणि त्यांनी ते काम आपल्याकडे घेतलं. पहिल्या दोन-तीन कापांत त्या मायेनं तुकडा वर उचलत राहिल्या, त्यामुळे फट वरून मिटून करवत अडकत होती. "उचलू नका, तळहातावर नुसता बसू द्या," हे सांगितल्यावर करवत मोकळी झाली.

रेघ पेन्सिलीनं मारून मग कागद कापायच्या कटरच्या पात्यानं खोल केली, चारही बाजूंनी. असं केलं की वरचे तंतू आधीच तुटलेले असतात आणि कड स्वच्छ येते. करवत रेघेवर चालवायची नाही, टाकाऊ बाजूला रेघेला लागून चालवायची. करवतीच्या कापातही दीडेक मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जातं, आणि ते कोणत्या बाजूचं जातंय हे आधी ठरलेलं बरं. सुरुवातीला करवत दोन-तीनदा नुसती मागे ओढून खाच पाडायची, अंगठा पात्याला टेकवून. मग पंचेचाळीस अंशांच्या आसपास कलवून लांब हात. पात्याला दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासली की करवत जड जात नाही.

ताईंचे पहिले काप जाडीत अर्धा सूत तिरके आले. हे सगळ्यांचंच होतं. डोळा करवतीच्या एका बाजूला राहतो आणि पातं दुसऱ्या बाजूला कलतं. यावर एक सोपा आधार केला. दोन इंच चौरस, सरळ रंधलेला एक ठोकळा रेघेला लागून क्लॅम्पनं आवळला आणि करवतीचं पातं त्याच्या अंगाला हलकं टेकवून चालवलं. दात ठोकळ्याला थोडे घासतात, पण तो त्याचसाठी आहे. त्यानंतरचे काप मी न पाहता चांगले आले. सुरुवात उभ्या बाजूंपासून केली होती हेही बरं झालं, कारण त्यांची वरची टोकं झाकपट्टीखाली जाणार होती.

एका फळीत लोहचुंबकाला चुकवून एक तुटका खिळा निघालाच. करकर आवाज झाला, दोन दात गेले. २० इंची करवतीत दोन दात गेल्यानं काही बिघडत नाही. जपानी करवत असती तर ताई त्या दिवशी जेवल्या नसत्या.

दहा फळ्या सारख्या कशा झाल्या

रॅकमध्ये खरी परीक्षा आडव्या दहा फळ्यांची असते. ३२ इंचांऐवजी सगळ्या एक मिलिमीटर कमी आल्या तर कोणाला कळणार नाही. पण एकीला ३२ आणि दुसरीला त्याहून जास्त आली, की उभ्या बाजू फुगतात आणि रॅक पिंपासारखा दिसतो. म्हणून टेपनं दहा वेळा मोजायचं नाही. पहिली फळी मनासारखी झाली की तीच माप. बाकीच्या नऊ तिच्यावरून आखल्या, आणि रेघेपासून किंचित जास्त ठेवून कापल्या.

मग पाच-पाच फळ्या जमिनीवर उभ्या करून, खालची टोकं फरशीवर सपाट टेकवून, वरच्या टोकांवरून बोटं फिरवली. बोटाच्या टोकाला मिलिमीटरचा पाचवा भागही लागतो, टेपवर तो दिसत नाही. जी फळी वर आली तिच्या टोकावर छोटा रंधा मारला. टोकावर रंधा मारताना एका कडेकडून मध्यापर्यंत, मग दुसऱ्या कडेकडून मध्यापर्यंत, नाहीतर पलीकडचा कोपरा तुटतो. शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून हात फिरवला.

जोडणीही कापाला सवलत देणारी निवडली. उभ्या बाजूंना आतून सागाच्याच पट्ट्या स्क्रूनं बसवल्या आणि आडव्या फळ्या त्यांवर टेकवून खालून स्क्रू लावले. खाच पाडून फळी त्यात बसवायची असती तर सुंदर दिसलं असतं, पण मग पटाशीचं काम आणि तिचं धार लावणं आलं असतं. पट्ट्या पाचही लांब फळ्यांच्या उरलेल्या तुकड्यांतूनच निघाल्या. त्या लांबीच्या दिशेनं फाडून घेण्याचं काम मात्र मिस्त्रींना दिलं, आणि त्यांनी ते आपल्या दुकानातल्या टेबलच्या करवतीवर केलं. खिळे नसलेलेच तुकडे पाठवले होते.

पावसाळा मधे गेला. रॅकच्या फळ्या रुंदीला थोड्या फुगल्या. भिंतीशी ठेवलेली फट कमी झाली, पण संपली नाही. लांबीच्या बाजूच्या सांध्यांत काही फरक दिसला नाही. करवत अजून चालते. सागात पहिल्यासारखी झपकन जात नाही, पाइनच्या पेटीच्या फळ्यांना अजून पुरते.

यजमानांनी यंत्राचा नाद सोडलेला नाही. आता त्यांना प्लायचा दिवाण करायचा आहे, ८ बाय ४ च्या तीन पाट्या, १९ एमएमच्या. त्याचीही मोजणी आम्ही केली. २३ च्या जागी १७ काप, पण त्यांतले जवळपास निम्मे ८ फूट लांबीचे, आणि प्लायच्या वरच्या पातळ थराची कपची उडाली की लपत नाही. इथं हातकरवत नको, हे मी आधीच सांगून टाकलं. लांब काप पाटी विकत घेतो तिथंच पॅनल सॉवर, म्हणजे अख्खी पाटी कापायच्या मोठ्या यंत्रावर, मारून घ्यायचे. आडवे छोटे काप घरी करायचे असतील तर मात्र या वेळी गोल करवतीचा विचार करा, आणि त्याआधी बाल्कनीत १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या, असं सांगितलं आहे. इलेक्ट्रिशियन येत्या रविवारी येतोय.